वॉरंटी संपली २७ मार्चला, लॅपटॉप गेला १९ एप्रिलला

पत्र:

दादा नमस्कार, देवगडजवळच्या एका गावातून लिहितेय. घरची हापूसची बाग आहे, चार वर्षं झाली दलालाला न देता पेट्या डायरेक्ट गिऱ्हाईकांना पाठवतो, पुणे मुंबई नाशिक, ते सगळं मी बघते. मागच्या वर्षी कोल्हापूरहून ६४ हजारांचा लॅपटॉप घेतला. १९ एप्रिलला सकाळी बटण दाबलं तर चालूच होईना. चार्जरची लाईट पेटते, फॅन एकदा फुर्र करून फिरतो आणि बंद, स्क्रीन काळी ती काळीच. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून बघितला तर वॉरंटी २७ मार्चला संपलेली, म्हणजे २३ दिवस. भाऊ बाईकवरून फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, मदरबोर्ड गेला, आत गंज आहे, पाणी गेलंय, ३८ हजार अधिक जीएसटी. पाणी कधीच गेलेलं नाही दादा, मी चहाचा कपसुद्धा त्या टेबलावर ठेवत नाही. जानेवारीत दोनदा असाच अडकला होता, तेव्हा कस्टमर केअरला फोन केला तर बटण ३० सेकंद धरून ठेवा म्हणाले, चालू झाला, म्हणून मी विसरून गेले. बाबा म्हणतात हप्त्यावर नवीन घे. पण ऑर्डरी, पत्ते, कोणाचे पैसे यायचेत सगळं त्यात आहे, बॅकअप नाही. पेट्या भरायच्या पडल्यात आणि रात्री झोप नाही. काय करू?

उत्तर:

ताई, आधी झोपेचं बघू. तुझा हिशोब बहुतेक करून जसाच्या तसा आहे. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला म्हणजे त्यातलं सगळं गेलं असं नसतं, तुझ्या फायली राहतात एसएसडीत, आणि बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ती वेगळी पट्टी असते, साधारण २२ मिलीमीटर रुंद आणि ८० मिलीमीटर लांब, एका बारीक स्क्रूवर बसवलेली. स्क्रू काढला की पट्टी हातात येते. तिच्यासाठी एन्क्लोजर म्हणून छोटी डबी मिळते, हजार दीड हजारात, त्यात पट्टी घालायची आणि यूएसबीने दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपला लावायची, पेनड्राईव्हसारखी उघडते. डबी घेताना एवढंच बघायचं की तुझी पट्टी एनव्हीएमई आहे की साटा, हे पट्टीचे दोन प्रकार, दोन्हीला चालणारी डबी पण मिळते, तीच घे. अगदी पातळ काही मॉडेलमध्ये आणि मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे हे जमत नाही, पण ६४ हजाराच्या साध्या विंडोज लॅपटॉपमध्ये ती शक्यता कमी.

एक अडचण येऊ शकते ती आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे ऐनवेळी घाबरायला नको. हल्लीच्या विंडोजमध्ये ड्राईव्ह, म्हणजे तीच पट्टी, बऱ्याचदा आपोआप लॉक झालेला असतो, आपण काही न करता. दुसऱ्या मशीनला लावला की कुलूप दिसतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. लॅपटॉप पहिल्यांदा चालू केलास तेव्हा जो मायक्रोसॉफ्टचा ईमेल आयडी टाकला होतास ना, त्यानेच फोनवरून अकाउंटला लॉगिन कर, तिथे डिव्हाईसच्या नावापुढे ती की दिसते. आज रात्रीच बघ आणि कागदावर उतरवून ठेव. कंपनीने उद्या नवीन बोर्ड टाकून दिला तरी ही की लागू शकते, कारण कुलपाची किल्ली जुन्या बोर्डातल्या चिपमध्ये असते. आणि स्क्रीनवर कधीही फॉरमॅट करायचं का असं आलं तर नाही म्हणायचं, कोणी कितीही घाई केली तरी. लॅपटॉप अजून सेंटरमध्येच असेल तर फोन करून आणि मेसेजनेही सांग की माझ्या परवानगीशिवाय ड्राईव्हला हात लावायचा नाही. जॉबशीटवर, म्हणजे लॅपटॉप ठेवून घेताना सेंटर देतं त्या पावतीवर, खाली बारीक अक्षरात बहुतेक सगळीकडे लिहिलेलं असतं की डेटाची जबाबदारी आमची नाही.

पेट्या मात्र उद्याच निघायला हव्यात, त्यासाठी एसएसडीची वाट बघत बसू नको. ऑर्डरी तुझ्याकडे आल्या कुठून, व्हॉट्सॲपवरच ना? मग पत्ते फोनमध्ये आहेत. व्हॉट्सॲपच्या सर्चमध्ये पिनकोडाचे पहिले आकडे टाक, पुण्याचे ४११, मुंबईचे ४००, नाशिकचे ४२२, इंग्रजी आकड्यांत टाक, धडाधड पत्ते वर येतील. पैसे कोणाचे आले ते यूपीआयच्या हिस्ट्रीत आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे, पेट्या कोणाच्या गेल्या ते कुरिअरच्या पावत्यांवर. दोन्ही समोर ठेवून एका साध्या वहीत तारीखवार लिहायला घे, भावाला बरोबर बसव, एका दुपारचं काम आहे. उधारी थोडी मागेपुढे होईल, पण एवढी वर्षं तुझ्याकडून आंबा घेणारी माणसं आहेत ती, त्यांना सरळ मेसेज टाक की लॅपटॉप बंद पडलाय, तुमची बाकी तुम्हीच कळवा. लोक कळवतात, मी बघितलंय.

आता ते जे म्हणाले ना, पाणी गेलंय, त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या किती लोकांना हे ऐकून गप्प बसावं लागलंय ते मी कुडाळला १७ वर्षं लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर बसून बघतोय.

तुमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात ओली होते की नाही? कोणी पाणी ओततं का त्यात? मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळायला लागतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात हेच मिठाचे कण असतात, डोळ्याला न दिसणारे, आणि लॅपटॉपचा फॅन दिवसभर ती हवा आत ओढत असतो. कण बोर्डावर बसतात, रात्री हवा दमट झाली की त्यांचं खारं पाणी होतं, सकाळी सुकतं, परत रात्री ओलं. पावसाळ्याचे चार महिने तर सुकायला वेळच मिळत नाही. त्या खारटपणाने तांबं हिरवं पडतं, सोल्डर पांढरं भुरभुरीत होतं, आणि दोन पिनांच्या मधून जिथून करंट जाऊ नये तिथून जायला लागतो. हे पाणी सांडणं नाही. ही किनाऱ्याची हवा आहे, आणि ज्या कंपनीने ही वस्तू देवगडच्या पिनकोडवर वापरायला विकली तिला ही हवा माहीत असायला हवी.

सांडलेल्या पाण्याची खूण वेगळी असते. चहा, सरबत, पाणी काहीही सांडलं तर ते बहुतेक करून कीबोर्डमधून खाली उतरतं, एका जागी डाग पडतो, त्याला भरतीच्या रेषेसारखी कड असते, चहा असेल तर चिकटपणा असतो. खाऱ्या हवेचा गंज दिसतो फॅनच्या तोंडाशी, हवा जिथून जाते त्या वाटेवर, यूएसबीच्या आणि एचडीएमआयच्या पत्र्यांवर, भुकटी पसरावी तसा. शिवाय बऱ्याच कंपन्या आत छोटे पांढरे स्टिकर लावतात, पाणी लागलं की ते लाल किंवा गुलाबी होतात. म्हणून तू सेंटरला लेखी माग, गंज कुठे दिसला त्याचे फोटो आणि ते स्टिकर असतील तर त्यांचेही फोटो. नुसतं फोनवर पाणी गेलंय म्हणणं सोपं असतं, फोटो द्यायची वेळ आली की भाषा बदलते.

आणि गंज आहे म्हणजे गंजामुळेच बंद पडला असंही नाही. तू लिहिलंयस फॅन एकदा फिरतो आणि बंद. हे लक्षण मी इतक्या वेळा बघितलंय. बोर्ड चालू होताना आपले वेगवेगळे व्होल्टेज तपासतो, एखाद्या लाईनवर शॉर्ट असेल तर बाकीचं जळू नये म्हणून स्वतःच थांबतो. शॉर्ट कशाचा? बऱ्याचदा एका कपॅसिटरचा, म्हणजे बोर्डावरच्या एका बारीक पार्टचा. मागच्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याचे एक होमस्टेवाले आले होते, त्यांचं पण हेच, सेंटरने बोर्ड बदला म्हणून सांगितलेलं आणि ते बिचारे माझ्यासमोर हात जोडून सांगत होते, पाण्याचो एक थेंब पडूक नाय हो. मी बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेतला. फॅनच्या बाजूला थोडी हिरवट झाक, बाकी बोर्ड स्वच्छ. मल्टीमीटर लावला, एका लाईनवर शॉर्ट मिळाला, पण त्या लाईनवर कपॅसिटर ढीगभर, त्यातला नेमका कुठला? मग आम्ही काय करतो, बोर्डावर आयपीए टाकतो म्हणजे ते उडून जाणारं अल्कोहोल, आणि त्या लाईनला बाहेरून एक व्होल्टएवढ्या कमी व्होल्टेजने करंट सोडतो. जो खराब असतो तो गरम होतो, त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यात आधी सुकतं. त्या दिवशी एका कोपऱ्यात खसखशीच्या दाण्याएवढी जागा डोळ्यांदेखत कोरडी झाली. तेवढा दाणा काढला, दुसरा बसवला, बोर्ड धुतला, सुकवला, लॅपटॉप चालू. त्या दाण्याची किंमत रुपयांत नाही, पैशांत. सेंटरचं कोटेशन होतं ३१ हजार.

म्हणजे सेंटरवाले खोटं बोलतात का? नाही, तसं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे बोर्ड दुरुस्त करायची पद्धतच नसते, पूर्ण बोर्ड बदलायचा एवढंच त्यांना शिकवलेलं आणि तेवढाच पार्ट कंपनी पाठवते. त्यामुळे त्यांच्या तोंडी मदरबोर्ड गेला याचा अर्थ बोर्डावरचं काहीतरी गेलं एवढाच घ्यायचा. ३८ हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला तर ४४,८४० होतात, ६४ हजारांच्या मशीनला, एका वर्षानंतर. आणि बदललेल्या पार्टवर वॉरंटी बऱ्याचदा फक्त ९० दिवस. हे पैसे आत्ता देऊ नको.

पण थांब, लगेच चिप लेव्हलवाल्याकडे, म्हणजे बोर्डावरचा एकेक बारीक पार्ट बदलणाऱ्याकडे, पण धावू नको. बाहेरच्या माणसाने बोर्डाला सोल्डर लावलं की कंपनीला बोलायला जागा मिळते, आणि तुझ्या केसमध्ये कंपनीकडून काहीतरी निघेल असं मला मनापासून वाटतंय. तुझ्या पत्रात दोन गोष्टी आहेत ज्या तू सहज लिहून गेलीस.

पहिली, तारीख. २७ मार्च ही तारीख तुला साइटवर दिसली. बिलावर कुठली तारीख आहे ते तू लिहिलंच नाहीस! काही कंपन्यांच्या सिस्टीममध्ये वॉरंटी सुरू होते माल कंपनीतून निघाला त्या दिवसापासून, आणि तो लॅपटॉप कोल्हापूरच्या दुकानात महिना महिना खोक्यात पडून असतो. तू घेतलास गुढीपाडव्याला की अक्षय्य तृतीयेला की कधी, ते बिल काढ. बिलाची तारीख मागच्या वर्षीच्या १९ एप्रिलनंतरची निघाली तर विषयच संपला, तू वॉरंटीत आहेस. बिलाचा फोटो आणि सिरीयल नंबर पाठवून तारीख दुरुस्त करून घ्यायची, कंपन्या करतात, बिल दाखवलं की करतात. बिल सापडत नसेल तर दुकानदाराकडून कॉपी माग, जीएसटीचं बिल आहे, त्याच्या कॉम्प्युटरवर असणारच.

दुसरी गोष्ट जानेवारीचा फोन, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. दोनदा अडकला, तू फोन केलास, त्यांनी बटण धरायला सांगितलं. म्हणजे बिघाड वॉरंटीत असतानाच सुरू झालेला होता, तू तो वॉरंटीत असतानाच कळवलेला होता, आणि त्यांनी मशीन न बघता तात्पुरता उपाय सांगून फोन ठेवला. आता जे झालंय ते त्याच दुखण्याचं पुढचं पाऊल आहे असं तुला म्हणता येतं. फक्त पुरावा पाहिजे. फोनच्या कॉल हिस्ट्रीत शोध, नाही मिळालं तर सिमच्या कंपनीच्या ॲपमधून जानेवारीचं डिटेल काढायचा प्रयत्न कर, एसएमएस बघ, ईमेल बघ, अगदी स्पॅमसुद्धा, अशा कॉलनंतर तक्रार नंबरचा मेसेज किंवा रेटिंग द्या असा मेसेज बहुतेक येतो. तो एक नंबर सापडला तर तो सोन्यासारखा जप.

मग एक ईमेल करायचा. फोन नाही, ईमेल. फोनवर बोललेलं हवेत जातं. कंपनीच्या साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा म्हणजे ग्रीव्हन्स ऑफिसरचा पत्ता असतो, त्याला पाठव आणि कस्टमर केअरला कॉपी ठेव. भाषा साधी ठेवायची, चिडायचं नाही, रडायचं नाही. साधारण असं लिही: अमुक मॉडेल, अमुक सिरीयल नंबर, अमुक तारखेला घेतला, बिल जोडलं आहे. जानेवारीत वॉरंटी चालू असताना मशीन दोनदा चालू झालं नाही, तेव्हा तक्रार केली, तक्रार नंबर हा. तेव्हा तपासणी न करता रिसेट करायला सांगितलं गेलं. १९ एप्रिलला तोच बिघाड परत झाला आणि मशीन पूर्ण बंद पडलं. सर्व्हिस सेंटरने पाणी गेल्याचं तोंडी सांगितलं आहे, त्याचे फोटो आणि लेखी रिपोर्ट मला द्यावा. हा बिघाड वॉरंटीत सुरू झालेला असल्याने दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी, ही विनंती, १० दिवसांत लेखी उत्तर द्यावं. बस, एवढंच. इंग्रजीत करून पाठव, बारावीला असलेलं कोणीतरी घरात असेलच. आंब्याचा सीझन, नुकसान, झोप नाही वगैरे त्यात घालू नको, ते मला लिहिलंस ते बरं केलंस पण त्यांना नको.

याने होतं का काही? माझ्या घरातलंच सांगतो. बायकोचा लॅपटॉप वॉरंटी संपून ४० दिवसांनी गेला होता, स्क्रीनच्या बिजागरीपाशी बॉडी फाटली. मी स्वतः या धंद्यात असून माझं पहिलं उत्तर होतं, जाऊदे, मी करतो. तिने ऐकलं नाही. तिने वॉरंटीत असताना एकदा बिजागरी घट्ट झालीय म्हणून चॅटवर तक्रार केली होती, त्याचा स्क्रीनशॉट तिच्याकडे होता. तो लावून ईमेल केला, पहिल्यांदा नाही म्हणाले, तिने परत केला, मग पार्टचे पैसे माफ आणि फक्त मजुरी घेतली. असं पूर्ण किंवा अर्धं माफ करायची सोय कंपन्यांकडे असते, ते स्वतःहून सांगत नाहीत एवढंच.

१० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नुसतं वॉरंटी संपली असं छापील उत्तर आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५, तिथे तक्रार नोंदव. मराठीतही बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार थेट कंपनीकडे जाते आणि कंपनीकडून उत्तर मागितलं जातं, बऱ्याच केसेस इथेच मिटतात. त्याच्या पुढे आहे आपलं सिंधुदुर्गचं जिल्हा ग्राहक आयोग, ओरोसला. लॅपटॉप कोल्हापूरला घेतला असला तरी तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिली, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, त्यामुळे सीझन आटपून जूनमध्ये केलीस तरी काही बिघडत नाही.

इथे एक गोष्ट तुझ्यासाठी खास, ती नीट वाच. कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहक धरला जात नाही, आणि कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल की तुम्ही आंब्याचा व्यापार करता. पण त्याच व्याख्येत पुढे सूट आहे, स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि स्वतः वापरली तर तो माणूस ग्राहकच. तुझं तसंच आहे, घरची बाग आणि तू स्वतः बसून करतेस. म्हणून बिल तुझ्या नावावर आहे की कुठल्या फर्मच्या, ते आधी बघ आणि तक्रारीत हे वाक्य पहिल्या पानावर येऊ दे.

वॉरंटी संपली की कायदा पण संपला असंही समजू नको. १९३० च्या माल विक्री कायद्यापासून हे चालत आलंय की विकलेली वस्तू तिच्या कामाला योग्य असली पाहिजे ही अट न लिहिताही धरली जाते, आणि कंपनीने कागदावर एक वर्षाची वॉरंटी दिली म्हणून ती अट आपोआप पुसली जात नाही. पण खरं सांगायचं तर नुसत्या या मुद्द्यावर लढणं जड जातं, कारण दोष बनावटीतलाच आहे हे आपल्याला दाखवावं लागतं, तज्ज्ञाचा रिपोर्ट लागतो, कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने लिहिलेत पण प्रत्यक्षात जास्त लागतात. म्हणून मी तुला सारखा जानेवारीच्या फोनकडे नेतोय. तो नसता तर मी एवढं भांडायला सांगितलं नसतं, एक ईमेल आणि १९१५, आणि पुढे सरळ दुरुस्ती.

कंपनीने सगळीकडून नाहीच म्हटलं तर मग चिप लेव्हल. कणकवली, कुडाळ, रत्नागिरी, कोल्हापूर, सगळीकडे आता माणसं आहेत. माणूस निवडताना त्याचं टेबल बघ, मायक्रोस्कोप, हॉट एअर आणि डीसी पॉवर सप्लाय आहे का. नसेल तर तो बोर्ड दुसऱ्याकडे पाठवणार आणि मधले पैसे खाणार. त्याला विचार, नाही झालं तर किती घेणार? चांगला माणूस फक्त तपासणीचे दोन-चारशे सांगतो किंवा काहीच नाही. काय गेलं ते तोंडाने नाही, पावतीवर लिहून घे, काढलेला पार्ट परत माग, आणि एसएसडी तुझ्याकडे ठेवूनच बोर्ड दे, त्याला टेस्टिंगला तुझ्या एसएसडीची गरज नसते. आमच्याकडे अशा कामाचे अडीच ते पाच हजार होतात. प्रोसेसरच शॉर्ट असेल तर मात्र बोर्ड वाचत नाही, ते तपासल्यावर कळतं, आणि ज्याने तपासायच्या आधीच शंभर टक्के होईल सांगितलं त्याच्याकडे देऊ नको.

बाबांना हप्त्याचं म्हणायचंय त्यात चूक नाही, सीझनमध्ये पोरीची तारांबळ बघवत नाही त्यांना. पण घाईत घेतलेला लॅपटॉप पण एक वर्षाच्याच वॉरंटीचा येणार आणि त्याच टेबलावर बसणार. मे महिनाभर कोणाचातरी जुना मागून घे, गावात शाळेत, चुलत्यांकडे, कुठेतरी पडलेला असतोच, शीट भरायला तेवढा पुरतो. नवीन घ्यायचाच झाला पुढेमागे, तर घेतानाच तीन वर्षांची वाढीव वॉरंटी बघ, ती साधारण पहिली वॉरंटी चालू असेपर्यंतच घेता येते, नंतर नाही. ऑनसाइट, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, म्हणतात त्यात तुमचा पिनकोड येतो का ते आधी विचार, कारण कागदावर ऑनसाइट आणि प्रत्यक्षात कोल्हापूरला आणा, हे आपल्याकडे फार होतं.

टेबल कुठे आहे ग तुझं? पडवीत, समुद्राकडच्या खिडकीखाली? तसं असेल तर आत माजघरात घे. दुरुस्त होऊन आला की पावसात कपाटात महिनोनमहिने बंद करून ठेवू नको, रोज तासभर चालवलेला लॅपटॉप स्वतःच्या उबेने सुका राहतो, बंद पडलेला गंजतो. ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि पुड्या मधून मधून बदलायच्या. तांदळात नाही, तांदळाची पावडर फॅनमध्ये जाते.

आणि अर्थिंग. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण लॅपटॉपची बॉडी धातूची असेल तर चार्जिंगला लावून वर बोट फिरवताना झिणझिण्या येतात का ते आठव. येत असतील तर घराचं अर्थिंग नीट नसण्याची शक्यता आहे. आपल्याकडे जांभ्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, त्यात पाणी घालायचं, आणि एकदा वायरमन बोलावून तपासून घ्यायचं, तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या सॉकेटला लावायचा नाही. मे अखेरीला वळीव येईल, कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटायचा, राऊटरचा पण. वीज पडल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर रांग लागते, त्यातले कितीतरी जण सांगतात की बटण बंदच होतं.

तर आज रात्री ती ४८ आकडी की आणि व्हॉट्सॲपचे पत्ते. उद्या दुकानदाराकडून बिल. परवापर्यंत जानेवारीचा मेसेज सापडतो का बघ आणि सापडला की तसाच्या तसा स्क्रीनशॉट मला पाठव, ईमेल पाठवायच्या आधी मी एकदा वाचून देतो. भावाला म्हणावं परत कोल्हापूरला जाशील तेव्हा जॉबशीट घेतल्याशिवाय तिथून निघू नको.